अधांतरी नळीचा उजेड

रणजित,

शोकसभेत मी तुझ्याबद्दल चांगलं बोलले. तू असताना माझ्याकडून असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे जीभ जरा अडखळली. टेबलावर तुझा फोटो होता, त्याला शेवंतीचा हार, आणि फोटोतला तू इतका सौम्य हसत होतास की आधी मला ओळखूच येईना. कोणी निवडला तो? तुझं हसणं म्हणजे एक भुवई वर, ओठ बंद, आणि पाठोपाठ "फडणीस, हे तू खरंच मानतेस?" तो माणूस त्या चौकटीत नव्हता. मी म्हणाले, रणजित हाडाचा प्रयोगकर्ता होता, विद्यार्थ्यांना जीव लावायचा, कुणाच्या कामावर आपलं नाव चढवायचा नाही. सगळं खरंच होतं. एवढंच सांगितलं नाही की गेली कित्येक वर्षं तू एका बाबतीत माझ्या मते साफ चुकत होतास, आणि त्याचा निकाल लागायच्या आतच उठून गेलास.

तेवढं काही बरं केलं नाहीस.

दिवाळी नुकतीच झाली होती. वहिनी सांगतात, सकाळी चहा घेऊन तू अंगणात उन्हाला बसलास, कप खाली ठेवलास, तो पुन्हा उचललाच नाहीस. मला फोन आला तेव्हा मी टोपी बाजारात चष्म्याची दांडी बसवून घेत होते. तसाच एका बाजूनं लोंबकळणारा चष्मा लावून हजीऱ्याला तुझ्या घराकडे जाणाऱ्या टेम्पोत बसले. आणि खरं सांगू? वाटभर मी तुला उत्तर देत होते. आदल्या संध्याकाळी फोनवर तू म्हणाला होतास, "तुझं गणित सुंदर आहे, पण नळीनं ते वाचलेलं नाही," आणि फोन ठेवून दिला होतास. मला त्यावर बिनतोड उत्तर सुचलं होतं. ते घेऊन तुझ्या दारात पोचले, तर अंगण माणसांनी भरलेलं होतं. ते उत्तर अजून माझ्याकडेच आहे.

तेराव्याला तुझ्या नात्यातल्या एक काकू माझ्या शेजारी जेवायला बसल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "रणजित नेमकं करायचा तरी काय?" तू असतास तर हात धुऊन फळ्याकडे धावला असतास. मी ताटातल्या पोळीची सुरळी केली. म्हटलं, समजा ही पोळी निव्वळ कार्बनची आहे आणि तिची जाडी एका अणूएवढीच आहे. तिची अशी सुरळी झाली की तिला म्हणायचं कार्बनची नळी. केसापेक्षा हजारो पट बारीक. तिच्यावर लेसरचा उजेड टाकला की ती आपला स्वतःचा उजेड परत देते. तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला दिसतो. नळी जसजशी गार करत जावी तसतशी त्या उजेडाची रेघ यंत्रावर बारीक आणि रेखीव होत जाते. पण थंडीच्या अगदी तळाशी, शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांच्या आसपास गेलं, की उजेड मंदावतो. तो का मंदावतो, हे रणजित शोधत होता.

काकू म्हणाल्या, "मग यात तुम्ही दोघं एवढं भांडत काय होतात?"

आता काय सांगू त्यांना? तरी सांगितलं. तुझी बाजूसुद्धा सांगितली, आणि प्रामाणिकपणे सांगितली, हे नोंदवून ठेव. माझं म्हणणं असं की नळीच्या आतच दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवरून उजेड बाहेर पडतो, खालच्या पायरीवरून पडू शकत नाही. दोन्हींत अंतर अगदी थोडं. जरा ऊब असली की तिच्या धक्क्यानं ऊर्जा वरच्या पायरीवर चढत राहते आणि नळी उजळ दिसते. थंडी फार वाढली की धक्का द्यायलाच कोणी उरत नाही, सगळं खालच्या पायरीवर बसून राहतं आणि उजेड मंदावतो. म्हणजे हा नळीचा स्वभावच आहे. आणि तुझं म्हणणं, स्वभाव वगैरे काही नाही, काचेचा दोष आहे. आपण नळ्या काचेवर पसरून मोजतो. काच खडबडीत, वर त्या नळ्या सुट्या करायला वापरलेला साबण चिकटलेला. थंडीत ऊर्जा त्या खाचखळग्यांत अडकते आणि तिथेच विझते. "नळी चांगल्या घरची आहे," तू म्हणायचास, "तिला संगत वाईट लागली."

काकूंनी माझ्या ताटातल्या सुरळीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "पोळी खा आता, गार झाली." मी खाल्ली.

तू मला फडणीस म्हणायचास, मी तुला शिलेदार. तुझे पूर्वज दक्षिणेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून इथं आले आणि माझे त्यांच्यामागून दौती सांभाळत आले, यावर आपण किती दात काढले असतील. तुझ्या मते माझ्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांच्या लढायांचे हिशेब केले आणि मीही तेच करते आहे, तुझ्या प्रयोगांना समीकरणं जोडते आहे. माझ्या मते तुमच्या घराण्याला आधी वार करून मग कुणाला लागलं ते बघायची खोड आहे. दोघांचंही बरोबर होतं. आणि त्यावर आपली एक पद्धतच पडून गेली, उन्हाळ्यात भांडायचं आणि हिवाळ्यात मोजायचं. दुसरा इलाज तरी काय होता? एप्रिल लागला की आपल्या गारठायंत्राला पाणी पुरवणारा चिलर मान टाकायचा. बाहेर ग्वाल्हेर भट्टीसारखं पेटलेलं असताना आत हेलियम गार राहावा, ही अपेक्षा त्या बिचाऱ्या यंत्रानंही कधी मनावर घेतली नाही. मग पंख्याखाली बसून आपण घसा कोरडा होईपर्यंत वाद घालायचो, थंडी पडली की निमूट कामाला लागायचो.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी सगळं सोडलं होतं, आठवतं? विभागात जायचं बंद, वाचणं बंद. सगळे भेटायला यायचे, आईची चौकशी करायचे, मला धीर द्यायचे. तू आलास आणि औषधांच्या बाटल्या बाजूला सारून टेबलावर आलेख पसरलास. म्हणालास, "काहीतरी चुकीचं निघालंय. काय चुकलंय ते सांग, मला घाई आहे." मला तुझा असा संताप आला होता! पण तू गेल्यावर मी तो आलेख बघितला. पुढच्या आठवड्यात तू दुसरा आणलास. आईची खाट एका बाजूला आणि तुझ्या रेघा दुसऱ्या बाजूला, असे ते दिवस गेले, आणि आई गेली तेव्हा माझ्या हातात करायला काम होतं. मी भौतिकशास्त्रात टिकले ती तुझ्यामुळे. रणजित, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "आलेखात चूक काय होती ते मात्र तू उशिरा सांगितलंस."

गेल्या हिवाळ्याच्या शेवटाला तू त्या पट्ट्या घेऊन आलास. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत खास करवून घेतलेल्या, नखाएवढ्या, प्रत्येकीवर बारीक चिरा, आणि चिरेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणलेली एकेकटी नळी. दोन गच्च्यांमध्ये वाळत घालायची दोरी असते तशी. खाली काच नाही, साबण नाही, काही नाही. कुरियरवर तुझा भरवसा नव्हता म्हणून स्वतः गेलास आणि डबी सदऱ्याच्या खिशात ठेवून परत आलास. धुक्यानं गाडी रखडली होती. मी पडावला, स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर तीन चहा पिऊन वैतागले होते. तू आलास आणि पहिलं वाक्य काय, तर "धक्का लावू नकोस मला." मग टपरीच्या बाकावर बसून तू छातीवर हात ठेवून म्हणालास, "आता संगत नाही, फडणीस. आता तुझी नळी आणि तुझं गणित. अधांतरी नळी मंदावली तर तुझं खरं. नाही मंदावली तर काच दोषी, आणि तू माझी माफी मागायची."

"आणि मंदावली तर तू काय मागशील?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

आणि लगेच ऊन तापलं. चिलरनं हात टेकले. पट्ट्या डबीतच राहिल्या. पुढचा हिवाळा दारात आला आणि तू गेलास.

आता तुझ्यामागे काय झालं ते सांगते.

शिवानीचा प्रबंध तयार होता. तुझी शेवटची विद्यार्थिनी, तूच तिला घडवलंस. तिच्या शेवटच्या प्रकरणात तुझाच निष्कर्ष होता: अतिशीत तापमानात नळीचा उजेड मंदावतो तो काचेमुळे. विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, आहे तसा जाऊ दे. सरांना यापेक्षा मोठी श्रद्धांजली कुठली?" सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवानीनंही डोलावली, रडून तिचे डोळे सुजले होते. मी म्हटलं, पट्ट्या डबीत पडून आहेत, मोजल्याशिवाय प्रबंध जाणार नाही. तुझ्या जागी मार्गदर्शक म्हणून मला नेमलं होतं, त्यामुळे कुणाला काही बोलता येईना. पण चेहरे मी वाचले. शिवानी मला जिन्यात गाठून म्हणाली, "मॅडम, सर गेले आणि आता मी त्यांच्या अगेन्स्ट लिहू? मुझसे नहीं होगा." मी तिला म्हटलं, "अजून कुणाच्या विरुद्ध काही निघालेलं नाही. आधी मोज."

तिनं मोजलं. डिसेंबरचं धुकं खिडकीला लागून उभं होतं, यंत्राचा तो टकटक आवाज सुरू होता, आणि तुझी खुर्ची कुणी हलवलेली नव्हती. खुर्चीच काय, तिथलं काहीच कुणी हलवलेलं नव्हतं. लेसरचा उजेड कमीजास्त करायची काळसर काचांची जी चकती आहे, तिच्यावर तू चिकटपट्टी लावून ठेवली होतीस. वर तुझ्या अक्षरात, "हाथ मत लगाना." शिवानी रोज सकाळी टेबल पुसायची आणि त्या चकतीभोवतीची धूळ बोटानं काढायची, चकतीला न शिवता. मला ते दिसत होतं. मी काही बोलले नाही, कारण मलाही त्या पट्टीकडे बघितलं की बरं वाटायचं.

निकाल आला. अधांतरी नळी गार होत होत तळापर्यंत गेली आणि उजेड मंदावला नाही. जराही नाही. शिवानीनं टाळ्या पिटल्या. "सर जीत गए, मॅडम! सर जीत गए!" विभागप्रमुखांनी तिळाचा गजक मागवला. सगळ्यांनी खाल्ला, मीही खाल्ला. तुझ्यासाठी आनंद झाला मला, खोटं नाही बोलत. हरल्याचं दुःख नंतर येईल, म्हटलं, आज रणजितचा दिवस आहे. मग शिवानीच्या हातातून आलेख घेतला आणि बघत बसले.

रेघ जाड होती.

गार नळीची रेघ बारीक असते. हे मला कुणी शिकवलं? तूच, आईच्या औषधांच्या टेबलावर. "आधी रेघेची जाडी बघ, मग बाकीचं बघ," म्हणायचास. थर्मामीटर थंडीचा तळ दाखवत होता आणि रेघ मात्र कितीतरी उबदार नळीसारखी जाड. थर्मामीटर कुठे होता? खाली, तांब्याच्या ठोकळ्यावर. नळी कुठे होती? चिरेवर, अधांतरी, भोवती निर्वात. काचेवर पडलेली नळी लेसरची ऊब काचेला देऊन टाकते. लोंबकळणारीनं ती कुणाला द्यायची? दोन्ही टोकांशी जेवढी निसटेल तेवढीच. आणि लेसर कितीचा? काचेवरच्या नळ्यांसाठी तू ठरवून दिलेला, चिकटपट्टी लावून पक्का केलेला. ठोकळा गार होता, नळी गार झालेलीच नव्हती. तिला आपण उजेडानं शेकत होतो आणि ती थंडीतही कशी उजळते म्हणून गजक वाटत होतो.

ही चूक आपल्याच माणसांकडून व्हावी अशी होती. तू असतास तर पहिल्या दिवशी ती पट्टी स्वतःच टराटरा फाडली असतीस. तू नव्हतास म्हणून ती कुणी काढली नाही.

मी शिवानीला सांगितलं. ती भडकली. बरं वाटलं मला, तुझीच विद्यार्थिनी शोभली. "मॅडम, सॉरी, पण सर बरोबर निघाले तेव्हाच का तुम्हाला डाउट आला? उलटं निघालं असतं तर आला असता?"

"रेघ जाड असती तर तेव्हाही आला असता."

"सब यही बोलेंगे, की आपसे देखा नहीं गया."

"बोलू देत."

बोललेच. दोन दिवसांत विभागभर झालं, फडणीस मॅडमना रणजित सर जिंकलेले बघवत नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही. माझी कातडी जाड आहे, तुझ्याशी इतकी वर्षं भांडून झाली आहे. पण वहिनींपर्यंतही ते गेलं होतं.

मी हजीऱ्याला गेले तेव्हा वहिनी गॅलरीत मेथी निवडत होत्या. "या ताई, बसा ना," म्हणाल्या, पण नेहमीसारखं नाही. जरा वेळानं म्हणाल्या, "शिवानीचा फोन आला होता. हे बरोबर निघाले म्हणाली. खरं सांगते, यांच्यामागे पहिल्यांदा मला पोटभर जेवण गेलं त्या दिवशी." मेथीच्या काड्या त्यांनी बाजूला केल्या. "आता तुम्ही परत मोजून राहिल्या आहात म्हणे. कशाला ताई?"

मी त्यांना कारण सांगायला लागले. त्यांनी थांबवलं.

"ते तुमचं शास्त्र असेल. पण ते आता उत्तर द्यायला नाहीत."

"म्हणूनच, वहिनी. उत्तर द्यायला नाही म्हणून त्याच्या नावावर कच्चं काम खपवायचं? उद्या दुसरा कुणीतरी मोजेल, रेघ बघेल आणि हसेल. तो हसलेला मला चालणार नाही."

"आणि हे हरले तर ते चालेल?"

"चालेल. माझ्याकडून हरला तर चालेल."

वहिनींनी मेथी आत नेली. चहा दिला, पण फाटकापर्यंत सोडायला आल्या नाहीत. रणजित, त्या घरातून मला फाटकापर्यंत कुणी सोडायला आलं नाही, असं कधी झालं नव्हतं. टेम्पोत बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, कशाला हा हट्ट? एक नळी उजळली काय आणि मंदावली काय, कुणाचं काय अडलंय? वहिनी माझ्या राहतील, शिवानी सुटेल, तू जिंकलेला राहशील. किल्ला उजव्या हाताला येईपर्यंत मी जवळजवळ ठरवलं होतं, की जाऊ दे.

मग तू डोळ्यांसमोर आलास. फोटोतला नाही, तो दुसरा, भुवई वर केलेला. जाड रेघेचा आलेख तुझ्या नावानं छापला गेला असता तर तू मला आयुष्यभर माफ केलं नसतंस. माझ्या आयुष्यभर म्हणते. आणि ते मला परवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चकतीवरची पट्टी काढली. शिवानी म्हणाली, "मॅडम, ती राहू द्या ना. सरांनी लावलीय ती." मी नख घातलं. पट्टी जुनी झाली होती, सरळ निघेना, मधेच फाटली, "हाथ" चकतीवर राहिलं आणि बाकीचं माझ्या बोटांना चिकटलं. मी ते बोटांवरून काढलं आणि केराच्या डब्यात टाकलं. फार जिवावर आलं होतं. शिवानीनं तोंड फिरवलं. मग मी तिला म्हटलं, "चकती तू फिरव. हात तुझा हवा, प्रबंध तुझा आहे." तिनं ओढणीला हात पुसले आणि चकती फिरवली.

उजेड इतका कमी केला की यंत्राला काही दिसेना. एकेका बिंदूसाठी तासन्‌तास थांबायचं, तोवर धुकं विरायचं, ऊन यायचं, जायचं. अशा कामाचा तुला तिटकारा होता, तुला सगळं लख्ख आणि ताबडतोब लागायचं. शिवानीला मात्र धीर आहे. तिनं उजेड कमी करत नेला आणि रेघ बारीक होत गेली. मग एके दुपारी ती म्हणाली, "मॅडम," आणि पडद्याकडे बोट दाखवलं. मी खुर्ची ओढून बसले. रेघ सुईसारखी उभी होती, आणि थंडीच्या तळाशी तिची उंची कमी कमी होत चालली होती. दिलेल्या उजेडाच्या मानानं बघितलं तरी कमी. काच नाही, साबण नाही, कुणाची संगत नाही. तरीही नळी मंदावत होती.

"सर हार गए?" शिवानीनं विचारलं.

"हो. पण एक कर. काचेवरच्या नळ्यांच्या रेघा थरथरतात, जागा बदलतात. ही बघ, जागची हलत नाही. तेवढं काचेचंच काम होतं, तेवढ्यात सर बरोबर होते. तेही लिही. सरांचा मुद्दा पूर्ण ताकदीनं मांड आणि मग तो कुठे तुटतो ते दाखव. लेचापेचा मांडलास तर मी सही करणार नाही."

तिनं डोळे पुसले आणि मान हलवली. मला आनंद झाला, रणजित. लपवत नाही. माझं गणित नळीनं अखेर वाचलं. मी बाहेर गेले, व्हरांड्यात उन्हात उभी राहिले आणि तुला ते फोनवरचं उत्तर मोठ्यानं दिलं. समोरून काही आलं नाही तेव्हा रडले. शोकसभेत रडले नव्हते, तेराव्याला नव्हते. जिंकल्यावर रडले.

आता एकच काम राहिलं होतं. काल ते केलं.

वहिनींनी दार उघडलं. मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "वहिनी, तो हरला."

त्या बाजूला झाल्या, मी आत गेले. "सांगा," म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. अधांतरी नळी, तांब्याचा ठोकळा, जाड रेघ, तू लावलेली पट्टी आणि ती मी फाडली तेही. त्या पदराशी चाळा करत ऐकत होत्या. इतकी वर्षं आपली भांडणं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाली, आपल्याला वाटायचं त्या नुसत्या वाढून राहिल्या आहेत. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"पण या खेपेला नळी खरंच गार झाली होती, हे कशावरून?"

तू हाच प्रश्न विचारला असतास, आणि असाच, नजर न हलवता.

"आम्ही उजेड आणखी कमी केला," मी म्हटलं. "मग आणखी कमी केला. आधी तसं केलं की दर वेळी रेघ बारीक व्हायची. शेवटी कितीही कमी केला तरी काही फरक पडेना. म्हणजे उजेडाची ऊब उरलीच नव्हती."

वहिनींनी विचार केला. घाई केली नाही. मग त्या हसल्या, तू गेल्यापासून पहिल्यांदा. "आज घरी आले असते तर जेवले नसते. ताट सारून गच्चीवर गेले असते." हसता हसता त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "त्यांच्या वतीनं मी म्हणते, ताई. मान्य."

इतक्या वर्षांत तू हा शब्द एकदाही उच्चारला नाहीस. हरलास की "बघू" म्हणायचास, फारच हरलास तर "चहा घेणार का?" म्हणायचास. तुझ्या तोंडून एकदा "मान्य" ऐकायचं म्हणून मी तुझ्याशी जन्मभर भांडले. काल तो तुझ्या घरात, तुझ्याच टेबलाशी ऐकला, आणि वहिनींचे दोन्ही हात धरून मी म्हटलं, नका हो म्हणू, वहिनी, तेवढं नका म्हणू.